रेसिंग आणि क्लासिक गाड्यांच्या डायकास्ट प्रतिकृती : संग्रहाला सूत्र हवं का?

आडगिअर

इथल्या 'आज काय आणलं' धाग्यावर फोटो भरपूर येतात. कुणाच्या कपाटात कोणती गाडी आली ते कळतं, का आली ते कळत नाही. म्हणून हा वेगळा धागा.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे भांडायला सोपं. संग्रहाला सूत्र हवं, आणि ब्रँड हे सूत्र नव्हे. एकाच कंपनीच्या शंभर गाड्या ओळीनं लावल्या तर तो त्या कंपनीचा कॅटलॉग होतो. त्यात तुमची निवड कुठे दिसते?

मी फ्रान्समधल्या ले मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीतल्या विजेत्या गाड्या जमवतो, १:४३ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या भागाएवढ्या मापात. शर्यत १९२३ साली सुरू झाली. १९३६ साली फ्रान्समधल्या संपांमुळे आणि १९४० ते १९४८ युद्ध व त्यानंतरच्या पडझडीमुळे ती झाली नाही. तरी विजेते नव्वदच्या वर भरतात. पहिली विजेती शेनार-वॉकर. निव्वळ दिसण्यावर कुणी विकत घेणार नाही अशी ती गाडी, पण यादीत आहे म्हणून ती शोधायची, आणि शोधता शोधता १९२० च्या दशकातल्या फ्रेंच गाड्यांबद्दल वाचायचं. १९५५ ची जॅग्वार डी-टाइप घेतली तेव्हा त्या वर्षीचा अपघात वाचला, ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. आघाडीवर असलेली फान्जिओ-मॉस जोडीची १९ नंबरची मर्सिडीज ३०० एसएलआर कंपनीनं त्याच रात्री मागे घेतली. आता माझ्या कपाटात डी-टाइपशेजारी ती १९ नंबरही उभी आहे. विजेती नाही, नियमात बसत नाही, पण तिच्याशिवाय डी-टाइपचा विजय अर्धाच सांगितल्यासारखा वाटतो.

आणि सगळ्यात आवडती गंमत: फोर्ड जीटी४०, चासी (सांगाडा) क्रमांक १०७५. हीच एक गाडी १९६८ आणि १९६९, दोन्ही वर्षी जिंकली. पहिल्यांदा ९ नंबर घेऊन, दुसऱ्यांदा ६ नंबर घेऊन. खरी गाडी एक, प्रतिकृती दोन लागतात. दुकानात 'ही तर आहे तुमच्याकडे' म्हणणाऱ्याला हे समजावून सांगताना मजा येते.

तर, तुमचं सूत्र काय? नसेल तर का नाही?

चौसष्ट_कला

सूत्र नाही, आणि नकोय.

आडगिअरराव, तुम्ही विषयपत्रिका घेऊन दुकानात जाता, मी रिकाम्या डोक्यानं जातो. हुकांवर लटकलेल्या पन्नास कार्डांमागे (गाडी चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटांमागे) काय दडलंय ते बघत एकेक सरकवायचं, हाच माझा खेळ. १:६४ वाल्यांना हे लगेच कळेल. यादीतली गाडी इंटरनेटवर मागवता येते. अचानक सापडलेली मागवता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॉट व्हील्सच्या नेहमीच्या पेट्यांमध्ये १९९५ पासून 'ट्रेझर हंट' मिसळलेले असतात. २००७ पासून त्यांत 'सुपर' हा वरचा प्रकार आला. त्याला झळाळणारा स्पेक्ट्राफ्लेम रंग आणि रबरी टायर. बाहेरून पाकीट जवळपास सारखंच, किंमतही तीच. ओळखायची ती नजरेनं.

पण माझा खरा जीव जुन्या रेडलाइन हॉट व्हील्सवर. १९६८ ते १९७७, टायरवर लाल रेघ. १९६८ साली हॉट व्हील्सची कंपनी मॅटेलनं पहिल्या सोळा गाड्या काढल्या तेव्हा बाकीच्या खेळण्यांच्या गाड्या ढकलल्या की थोडं जाऊन थांबत. यांची चाकं बारीक तारेच्या आसावर, घर्षण नगण्य, त्यामुळे त्या पळायच्या. रंग तर वेगळाच: घासून चकचकीत केलेल्या उघड्या धातूवर पारदर्शक रंगाचा थर. म्हणून तो आतून उजळल्यासारखा दिसतो. तोटाही त्यातच आहे. धातू हवेनं काळवंडला की रंग शाबूत असूनही गाडी डागाळलेली दिसते. त्याला 'टोनिंग' म्हणतात आणि ते पुसून जात नाही.

निवांत

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचणार.

नवशिका_७२

छान धागा. माझे प्रश्न अगदी प्राथमिक आहेत, हसू नका.

१:१८, १:४३, १:६४ यांपैकी सुरुवात कशात करावी? आणि डायकास्ट म्हणजे सगळी गाडी धातूची का? एका विक्रेत्याकडे 'रेझिन' लिहिलेली गाडी पाहिली. दारं उघडत नव्हती, तरी ती धातूच्या गाडीपेक्षा महाग होती. हे कसं?

पिटलेन

@नवशिका_७२, मापाचं मी सांगतो, धातूचं भट्टीवाला सांगतील. ते या धाग्यावर येणारच.

जॅग्वार ई-टाइप घ्या. खरी गाडी सुमारे ४.४५ मीटर लांब. १:१८ मध्ये ती जवळपास २५ सेंटिमीटर होते, १:४३ मध्ये १० आणि १:६४ मध्ये ७. लांबी ऐकून फरक कळत नाही, तो जागेत कळतो. १:१८ ची गाडी १:४३ पेक्षा आकारमानानं साडेतेरा पट मोठी. एका फळीवर १:१८ च्या तीन-चार बसतात, तिथे १:४३ ची अख्खी ग्रां प्री शर्यत उभी राहते. म्हणून शर्यतीचा इतिहास मांडणारे बहुतेक १:४३ वर येतात, आणि एकाच गाडीचं इंजिन, वायरिंग, सीटचं चामडं न्याहाळणारे १:१८ वर जातात.

४३ हा विचित्र आकडा कुठून आला असं सगळे विचारतात. खेळण्यातल्या आगगाड्यांचं ओ गेज. ब्रिटनमध्ये ते फुटाला सात मिलिमीटर धरून करत, म्हणजे १:४३.५. स्टेशनबाहेर उभ्या करायच्या मोटारी त्याच मापाच्या हव्यात, म्हणून हे माप. डिंकी या ब्रिटिश खेळण्यांच्या मालिकेची सुरुवातही तशीच: फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीनं १९३३ साली 'मॉडेल्ड मिनिएचर्स' काढल्या त्या रेल्वेच्या देखाव्यात ठेवायला. वर्षभरात त्यांचं नाव डिंकी टॉइज झालं आणि गाड्यांनी रेल्वेला मागे टाकलं.

सल्ला मागितलात म्हणून: आधी कपाट मोजा, मग माप ठरवा.

आता आडगिअर यांच्या प्रश्नाकडे. माझं सूत्र आहे, पण ते विजेत्यांच्या बरोबर उलटं. नियमांनी किंवा नशिबानं मारलेल्या गाड्या. टिरेल पी३४, फॉर्म्युला वनची सहा चाकांची गाडी. १९७६ साली स्वीडनमध्ये अँडरस्टॉर्पला पहिली-दुसरी आली, चालक शेक्टर आणि देपाये. पुढची चार चाकं इवलीशी, त्या मापाचे टायर पुढे कुणी नीट विकसित केले नाहीत आणि गाडी मागे पडली. त्याच अँडरस्टॉर्पला १९७८ साली ब्रॅबम बीटी४६बी. मागे भलामोठा पंखा, तो गाडीखालची हवा खेचून तिला रस्त्याला चिकटवायचा. लाउडानं शर्यत जिंकली, आणि ती गाडी परत कधीच ग्रां प्रीत उतरली नाही. लोटस ८८ तर त्याहून दुर्दैवी. दोन चासींची गाडी, १९८१ साली बाकीच्या संघांच्या तक्रारींवरून अडवली, एकही ग्रां प्री नशिबात नाही.

पी३४ घेताना कॉकपिटच्या बाजूंना छोट्या खिडक्या आहेत का पाहा. चालकाला पुढची चाकं दिसावीत म्हणून त्या खऱ्या गाडीत होत्या. स्वस्त प्रतिकृतींत तिथे नुसता काळा ठिपका छापलेला असतो.

भट्टीवाला

आलो. पिटलेन यांनी पाचारण केलंय तर थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

डायकास्टचा धातू झॅमॅक, म्हणजे जस्त. त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम, जरासं मॅग्नेशियम आणि तांबं. तो ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, म्हणून काम सोपं. वितळलेला धातू दाबानं पोलादी साच्यात जातो, क्षणात थिजतो, साचा उघडतो, बॉडी बाहेर. साचा करणं हे अत्यंत महागाचं काम. पण एकदा झाला की लाखो बॉडी निघतात. म्हणून लाखोंनी खपेल अशीच गाडी डायकास्टमध्ये स्वस्त पडते. खालची पाटी, आतल्या सीट्स, काचा, बंपर हे बहुधा प्लास्टिक. तेव्हा सगळी गाडी धातूची नसते, बॉडी असते. कधी बॉडी प्लास्टिकची आणि पाटी धातूची, असंही असतं.

आता दारांचं. साच्यातून सुटताना बॉडी अडकू नये म्हणून भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. भिंत फार पातळ केली तर धातू कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. भिंत एक मिलिमीटर धरा. १:४३ ला तो खऱ्या गाडीवर ४३ मिलिमीटरचा पत्रा झाला! दार उघडलं की तिजोरीचं दार उघडल्यासारखं दिसतं ते यामुळे. खऱ्या गाडीत दाराभोवतीची फट चार मिलिमीटर असेल तर प्रतिकृतीत ती ०.१ मिलिमीटरच्याही आत हवी. उघडणाऱ्या दाराला ते शक्य नाही. रंगाचंही तेच. ०.१ मिलिमीटरचा थर म्हणजे खऱ्या गाडीवर चार मिलिमीटर जाड रंग. बारीक रेघा, रिव्हेट, जाळ्या त्यात बुजून जातात. मेटॅलिक रंगातला चमकीचा कण तर मापात लहान करताच येत नाही, म्हणून चंदेरी गाड्या पुष्कळदा 'खेळण्यासारख्या' दिसतात.

रेझिनमध्ये पोलादी साचा नाही, सिलिकॉन रबरचा. करायला स्वस्त, पण काही डझन प्रतींत तो झिजतो, की नवा करायचा. प्रत्येक गाडी हातानं जुळवावी लागते. म्हणून एका प्रतीची किंमत जास्त, पण ३०० गाड्या काढल्या तरी परवडतं. ले मानला अठरावी आलेली, कुणाला आठवत नसलेली गाडी रेझिनमध्येच मिळणार. स्पार्कसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या त्या या गणितावर. रेझिनला कडा धारदार येतात, दारं मात्र बंदच.

१:१८ ला माप मोठं असल्यानं धातूला थोडी मोकळीक मिळते. तिथे सीएमसी कंपनीसारखे लोक हजाराहून जास्त सुटे भाग घालून एकेक गाडी जुळवतात.

नवशिका_७२

बाब्बौ. ४३ मिलिमीटरचा पत्रा हे आता डोक्यातून जाणार नाही. धन्यवाद!

जुनंपानं

भट्टीवाल्यांचा हिशोब बरोबर आहे, आणि नेमका म्हणूनच मला तो लागू नाही. मी प्रतिकृती जमवतच नाही. मी खेळणी जमवतो.

डिंकीनं डी-टाइप जॅग्वार निळसर हिरव्या रंगात काढली. कॉर्गी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीनं १९६५ साली जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ काढली ती सोनेरी. पडद्यावरची चंदेरी होती. पण चंदेरी रंगवली तर पोरांना ती न रंगवलेली वाटेल, म्हणून सोनेरी केली असं सांगतात. छत उडायचं, सीटवरचा माणूस बाहेर, पुढून बंदुका, मागे बुलेटप्रूफ पडदा वर. १९६८ साली चंदेरी आवृत्ती आली तरी सोनेरीची जागा ती घेऊ शकली नाही. मापाच्या पट्टीनं पाहिलं तर ही गाडी नापास आहे. मला तिच्यात त्या काळातल्या आरेखकाचं डोकं दिसतं: पोराच्या अंगठ्याला खटका कुठे सापडेल, स्प्रिंग किती वेळा दाबली तरी टिकेल.

जॅक ओडेल यांची गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. त्यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची मुभा होती, म्हणून त्यांनी पितळेचा छोटा रोडरोलर करून दिला. त्यातून लेस्नी कंपनीची मॅचबॉक्स मालिका आली, १९५३ साली. चिमुकली गाडी, खिशात मावते, खाऊच्या पैशात येते. तीन वर्षांनी त्यांनीच मोठ्यांसाठी 'मॉडेल्स ऑफ यस्टरइयर' काढल्या. त्यांत १९२९ ची ले मान बेंटली आहे, १९०८ ची ग्रां प्री मर्सिडीज आहे, बुगाटी टाइप ३५ आहे. आडगिअर, तुम्ही ही बेंटली तुमच्या ओळीत घेणार का? की मापात बसत नाही म्हणून बाहेर?

माझं सूत्र विचाराल तर मॅचबॉक्सची चाकं. आधी धातूची, मग राखाडी प्लास्टिकची, मग काळी, आणि १९६९ पासून सुपरफास्टची पातळ चाकं, हॉट व्हील्सला उत्तर म्हणून. एकच बॉडी, चाकं बदलत गेली. शेजारी शेजारी ठेवली की कारखान्यात काय काय घडलं ते दिसतं.

आडगिअर

@जुनंपानं, नाही घेणार. ओळीत १:४३ च. पण तुम्ही 'माझं सूत्र' म्हणालात, हे इथे नोंदवून ठेवतो :)

चौसष्ट_कला

हाहा, पकडले गेले जुनंपानं.

एक भर. नव्या मंडळींचा नेहमीचा घोटाळा: हॉट व्हील्सच्या खालच्या पाटीवरचं साल बघून गाडी त्या सालची समजणं. ते साल आरेखनाच्या हक्काचं असतं. '१९६९' कोरलेली गाडी परवा कारखान्यातून निघालेली असू शकते, आणि विक्रेते याचा फायदा घेतात. अलीकडच्या गाड्यांवर पाटीवर एक अक्षर आणि दोन आकडे छापलेले असतात. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. ते बघा.

कपाटवाली

मंडळी, जरा मदत हवी आहे. संग्रह माझ्या मामांचा, आता माझ्याकडे आहे. त्यात युद्धापूर्वीच्या छोट्या रेसिंग गाड्या आहेत, डिंकीच्या. त्यांतल्या एकीला जाळीसारख्या बारीक भेगा पडल्यात आणि ती मधून फुगल्यासारखी वाटते. पुढचा आस बॉडीनं दाबून वाकलाय. हा गंज आहे का? शेजारच्या गाड्यांना लागेल का? एका गटात कुणी तरी सांगितलं की ती ताबडतोब वेगळी काढा, नाहीतर सगळं कपाट जाईल. झोप उडालीय.

भट्टीवाला

कपाटवाली ताई, आधी झोपा. हे पसरत नाही.

याला झिंक पेस्ट म्हणतात (इंग्रजीतला pest, म्हणजे कीड; लेप नव्हे). नाव रोगासारखं आहे, म्हणून लोक साथीसारखे घाबरतात. दोष त्या गाडीच्या धातूत जन्मापासून होता. जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियम अगदी किंचित जरी मिसळलं तरी ते धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतं. तिथे हवेतल्या ओलाव्यानं आतून क्षरण सुरू होतं, त्यातून तयार होणारा पदार्थ जास्त जागा मागतो, म्हणून गाडी फुगते, वाकते, भेगाळते आणि शेवटी तुकडे पडतात. आजच्या मानकात अशा ओतकामात शिशाची कमाल मर्यादा ०.००५ टक्के आहे. एवढ्या बारीक भेसळीचा प्रश्न! युद्धापूर्वी कारखान्यात त्याच भट्टीजवळ शिशाच्या मिश्रधातूचंही काम चाले. डिंकीच्या अगदी पहिल्या गाड्या शिशाच्याच मिश्रधातूच्या होत्या. एखादा चुकार तुकडा भट्टीत गेला की ती खेप बाद. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एक ठणठणीत आणि दुसरी भुगा, असं दिसतं.

उलटवता येत नाही. कुठलंही तेल, लाख, गोंद लावून भेगा भरू नका, आतलं काम थांबणार नाही. वेग कमी करता येतो: कोरडी, थंड आणि मुख्य म्हणजे स्थिर हवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के. माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. ती गाडी हातात कमी घ्या, तळाखाली आधार द्या, आणि आत्ताच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

वेगळी काढायची तर एकाच कारणासाठी: ती मोडली तर तुकडे शेजारणीवर पडतील.

आणि एक. पांढरी भुकटी वर दिसतेय पण भेग नाही, आकार बदललेला नाही, तर ती पेस्ट नव्हे. जस्ताचं वरवरचं क्षरण आहे, ते दमटपणानं येतं आणि कोरड्या जागी थांबतं.

कपाटवाली

खूप खूप आभार. फोटो काढले, खाली लाकडी ठोकळा दिला. बाकीच्या गाड्यांना भेगा नाहीत.

दुसरी गोष्ट. मामांच्या काही गाड्यांचा रंग पार गेलाय, खेळून खेळून. चुलतभाऊ म्हणतो रंगवून घेऊ, नव्यासारख्या दिसतील. करावं का?

जुनंपानं

नका. कृपा करून नका.

पिटलेन

जुनंपानं यांच्याइतका कडवा मी नाही. ज्या गाडीचं मूळ असं काही उरलेलंच नाही, चाकं गेली, रंग गेला, काच गेली, ती रंगवली तर काही बिघडत नाही. मात्र रिव्हेट ड्रिलनं काढून गाडी उघडली की ती कायमची वेगळी वस्तू झाली. संग्राहकांत याला कोड ३ म्हणतात: कारखान्याची गाडी, कुणी तिसऱ्यानं परवानगीशिवाय बदललेली. कारखान्यातून आली तशी ती कोड १. मूळ कंपनीच्या परवानगीनं बदललेली ती कोड २. कोड ३ मध्ये लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त तळाशी लिहून ठेवा. पुढे कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

मी स्वतः एक बदल सर्रास करतो. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या फॉर्म्युला वन गाड्या सिगारेटच्या जाहिरातींत न्हायलेल्या होत्या. प्रतिकृतींवर ती नावं सहसा छापत नाहीत, जागा कोरी सोडतात. १९८८ ची मॅकलारेन एमपी४/४, सोळापैकी पंधरा शर्यती जिंकलेली, पांढऱ्या जागेवर काहीच नाही अशी बघवत नाही. वेगळी डेकल (चिकटवायची छापील नावं) मिळतात, ती मी लावतो.

चौसष्ट_कला

शुद्धतावादी आता तलवारी काढणार.

जुनंपानं

तलवार नाही, पण ताई, एक सांगतो. खेळून झिजलेली गाडी म्हणजे खराब गाडी नव्हे. कडांवरचा रंग जिथे जिथे गेलाय तिथे एखाद्या पोराची बोटं होती. तुमच्या मामांचीच असतील. रंग दिला की ते गेलं.

आणि व्यवहाराचं बोलायचं तर घासपूस झालेली मूळ रंगातली गाडी नव्यानं रंगवलेलीपेक्षा संग्राहकाला जवळची असते. पेटी असेल तर ती फेकू नका, फाटकी असली तरी. त्या सोनेरी डीबी५ सोबत गुप्त सूचनांचं पाकीट असे, त्यात बाहेर फेकायचा माणूस जादाचा दिलेला, कारण कारखान्याला माहीत होतं की पहिला हरवणार. आज ते पाकीट गाडीपेक्षा दुर्मीळ.

नवशिका_७२

मधेच विचारतो. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. जुन्या गाड्या तिला खेळायला दिल्या तर चालतील का? वस्तू खेळण्यासाठीच केली होती ना.

जुनंपानं

भावना शंभर टक्के मान्य, पण जुन्या गाड्या नाही. त्या काळच्या रंगात शिसं असायचं, काही खेळणी तर शिशाचीच. तोंडात घालायचं वय गेलं असलं तरी हाताला लागतंच. नव्या मेनलाइन (नेहमीच्या स्वस्त मालिकेतल्या) गाड्या द्या, बिनधास्त आपटू द्या. जुनी हाताळल्यावर मोठ्यांनीही हात धुवावेत.

चौसष्ट_कला

+१. आणि तिला हुकांवरची कार्डं शोधायला घेऊन जा. तिची नजर तुमच्यापेक्षा तीक्ष्ण निघेल.

निवांत

रुमाल उचलतो, सगळं वाचलं. माझाही एक प्रश्न. १:१८ च्या दोन गाड्या बरीच वर्षं मूळ पेटीतल्या प्लास्टिकच्या पायावर स्क्रूनं घट्ट उभ्या होत्या. परवा काढल्या तर टायर खाली चिकटलेले आणि पायावर चार खड्डे. हवा इतकी गरम नसते आमच्याकडे. हे कशानं?

भट्टीवाला

उष्णतेनं नाही. मऊ टायरमध्ये जे प्लास्टिसायझर असतं ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि शेजारचं कडक प्लास्टिक विरघळवतं. कधी रिमच खाल्ली जाते. पायावरचा खड्डा झाकता येतो, रिमचं काही होत नाही.

उपाय सोपा आहे. गाडीच्या तळाखाली छोटा ठोकळा द्यायचा, म्हणजे टायर जेमतेम अधांतरी राहतात. ते नको असेल तर टायरखाली पॉलिएस्टर फिल्मचे तुकडे. स्क्रू ढिला ठेवा. पेटीतला फोम रंगाला टेकत असेल तर मधे मऊ आम्लमुक्त कागद घाला, फोमचे डाग रंगात मुरतात. ऊन अजिबात नको, पांढरी डेकल पिवळी पडतात आणि लाल रंग आधी फिका होतो. (लाल फेरारीवाल्यांनी खिडकीसमोरचं कपाट आजच हलवा.) धूळ काढायला मेकअपचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा हवेचा फुगा. मायक्रोफायबरचं कापड वायपरमध्ये अडकतं आणि वायपर सोबत येतो. स्पिरिट किंवा अल्कोहोल छापील अक्षरांच्या जवळपास नेऊ नका.

पिटलेन

भट्टीवाला, हे वेगळ्या धाग्यात टाका, इथे हरवेल.

अवांतर, पण जुन्या पेट्यांचा विषय निघाला म्हणून. नकली पेट्या हल्ली इतक्या चांगल्या छापतात की फोटोवरून कळत नाही. अतिनील टॉर्च जवळ ठेवा. आधुनिक कागदात उजळपणासाठी जे रसायन घालतात ते त्या प्रकाशात निळसर चमकतं. १९३० च्या दशकातली म्हणून विकली जाणारी पेटी चमकली तर विषय संपला. न चमकणारी पेटी मात्र तेवढ्यानं अस्सल ठरत नाही. गाडीत रिव्हेट बघा. ड्रिल करून पुन्हा बसवलेल्या रिव्हेटभोवती रंगाला ओरखडा असतो, किंवा तिथे स्क्रू येतो. आसाची टोकं दोन्ही बाजूंना सारखी ठोकलेली हवीत. नवीन सुटे भाग मिळतात आणि ते मिळणं चांगलंच आहे, जुन्या गाड्या त्यावर जगतात. ते न सांगता मूळ म्हणून विकणं ही लबाडी.

संपादक मंडळ

खरेदी-विक्रीचे दोन प्रतिसाद हलवले आहेत. त्यासाठी वेगळा विभाग आहे.

नवशिका_७२

ठरवलं! मुलीला सहा चाकांची टिरेल हवी होती, पण मला १:४३ मध्ये एकच गाडी वेगवेगळ्या रंगांत जमवायची आहे: पोर्श ९१७. आडगिअर सर, कुठून सुरू करू?

आडगिअर

सर नको. निवड झकास, कारण ९१७ चे रंगच इतके आहेत की कपाट एकसुरी दिसणार नाही.

पहिली, १९७० ची विजेती, २३ नंबर, लाल-पांढरी, हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवुड. पोर्शनं ले मानची शर्यत नुसत्या गटात नव्हे, एकूणात जिंकली ती इथे पहिल्यांदा. तिच्या शेजारी लगेच त्याच शर्यतीत दुसरी आलेली लांब शेपटीची ३ नंबर, जांभळ्या-हिरव्या लाटांची, जिला 'हिप्पी' म्हणतात. आखूड शेपटी आणि लांब शेपटी यांतला फरक एका नजरेत दिसेल. मग १९७१ ची विजेती, २२ नंबर, मार्टिनी या प्रायोजकाच्या पट्ट्यांची. तिनं ५,३३५ किलोमीटर तोडले आणि तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. चौथी, गल्फ तेल कंपनीच्या रंगांतली, फिकी निळी आणि नारिंगी. ती ले मान जिंकली नाही, तरी सगळ्यात आधी तीच विकत घ्यावीशी वाटते, घ्या. पाचवी ९१७/२०, गुलाबी डुक्कर. अंगावर खाटकाच्या तक्त्यासारख्या तुटक रेघा आणि मांसाच्या भागांची नावं. १९७१ ला ती पण २३ नंबर घेऊन धावली, आणि अपघात होऊन बाहेर पडली.

डुकराची प्रतिकृती घेताना तुटक रेघा नीट तपासा. दाराच्या आणि मागच्या झाकणाच्या फटीवरून जाताना त्या दोन्ही बाजूंना जुळल्या पाहिजेत. स्वस्तातल्या गाडीत तिथेच घसरतात.

कपाटवाली

गुलाबी मिळाली की फोटो इथेच टाका, नवशिका. आणि टिरेलही घ्या हो, मुलीनं मागितलीय.

चौसष्ट_कला

डुक्कर १:६४ मध्येही मिळतं. नुसतं सांगून ठेवतोय.